‘ब्रिंग इट ऑन’ : मुद्दा चोरीचा आहे

‘ब्रिंग इट ऑन’ (२०००) हा शाळेतल्या चीअरलीडिंगवरचा, म्हणजे सामन्यांत संघाला प्रोत्साहन देणाऱ्या नाच-कसरतींवरचा, अमेरिकी सिनेमा. कुणीतरी लिहिलंय की तो म्हणजे नुसती उड्या मारणाऱ्या मुलींची गंमत. मला हे अजिबात पटत नाही.

सिनेमाचा गाभा चोरी आहे. सॅन दिएगोच्या सधन शाळेचा टोरोज हा चीअरलीडिंग संघ वर्षानुवर्षं जिंकत आलाय, पण त्यांची नृत्यं आधीच्या कर्णधार मुलीने ईस्ट कॉम्प्टनच्या क्लोव्हर्सकडून, म्हणजे कृष्णवर्णीय मुलींच्या संघाकडून, उचललेली असतात. क्लोव्हर्सकडे राष्ट्रीय स्पर्धेला जायलाही पैसे नाहीत. टोरोजची नवी कर्णधार टॉरन्स (कर्स्टन डन्स्ट) त्यांच्यासाठी वडिलांच्या कंपनीचा धनादेश घेऊन जाते, तेव्हा क्लोव्हर्सची कर्णधार आयसिस (गॅब्रिएल युनियन) तो फाडून टाकते. मला सगळ्यात आवडतो तो हाच प्रसंग. मदत नको, बरोबरीने समोर या, एवढंच तिचं म्हणणं. आणि शेवटी नायिकेचा संघ दुसरा येतो, क्लोव्हर्स जिंकतात! किशोरवयीन विनोदी सिनेमात असा शेवट करायला धाडस लागतं.

पुढच्या भागांबद्दल : २००४चा ‘अगेन’, २००६चा ‘ऑल ऑर नथिंग’ वगैरे थिएटरात न येता थेट डीव्हीडीवर आले. २००६च्या भागात रिहाना पाहुणी म्हणून दिसते, तेवढं लक्षात राहतं.

पहिला भाग घरी बघणार असाल तर श्रेयनामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका. ‘मिकी’ गाण्यावर सगळे कलाकार धमाल करतात, मध्ये चुकलेले शॉट्सही आहेत. दोन्ही संघांतल्या मुली तिथे एकाच गाण्यावर नाचताना बघून मला फार बरं वाटतं.