मदत हवी आहे: पाळी गेल्यापासून मानेवर चामखिळी वाढत चालल्यात

अबोली_सो
नमस्कार. मानेला आणि काखेत चामखिळी झाल्यात. बारीक, मऊ, लोंबणाऱ्या. पाळी बंद झाल्यापासून वाढतच चालल्यात. मंगळसूत्राचे मणी अडकतात, ब्लाउजची शिवण घासून आग होते. पुतण्याचं लग्न तोंडावर आलंय, भर मे महिन्यात मी काय मानेला पदर गुंडाळून फिरू? कुठलं मलम लावलं की पटकन गळतील तेवढंच सांगा. सोलापुरात मिळणारं सांगा. आणि डॉक्टरकडे जा म्हणू नका प्लीज, घरात पाहुणे यायला लागलेत.

निशिगंध
वय किती तुमचं? पाळी जाऊन किती काळ झाला? शुगर कधी बघितली होती? चामखिळीचा रंग कातडीसारखाच आहे की वेगळा? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

गोदाक्का
अगं, मलमबिलम काही नको. घोड्याच्या शेपटीचा केस घे आणि मुळाशी घट्ट बांध. वाळून आपोआप पडते. आमच्या सासूबाई टांगेवाल्याकडून केस मागून आणायच्या, अख्ख्या गल्लीच्या चामखिळी त्यांनी घालवल्या. आता टांगे नाहीत, पण वरातीचा घोडा येणारच आहे की तुमच्याकडे. घोडेवाल्याला आधीच सांगून ठेव.

भीमाकाठ
थुजा, होमिओपॅथीचं औषध. दुसरं काही शोधू नका. पोटात गोळ्या आणि वरून थेंब. माझ्या हातावरच्या सगळ्या गेल्या. फक्त कांदा, लसूण, कॉफी बंद ठेवायची.

निशिगंध
@भीमाकाठ हातावरच्या खरखरीत होत्या ना? त्या विषाणूने होतात आणि पुष्कळदा आपल्या आपण जातातही. या मऊ, देठावर लोंबणाऱ्या वेगळ्या. डॉक्टर यांना स्किन टॅग म्हणतात. विषाणूचा संबंध नसतो, एकाच्या दुसऱ्याला लागत नाहीत. आपण दोन्हीला चामखीळच म्हणतो म्हणून एकीचं औषध दुसरीला लावतो.

भीमाकाठ
गुण आला तो आला. ज्यांनी घेतलंच नाही त्यांनी बोलू नये.

सातरस्ता_५४
मला पाळी गेल्यावर रात्री अचानक अंगातून वाफा निघायच्या. उशी भिजायची, पंखा पाचावर असला तरी. रोज चमचाभर जवस भाजून खायला लागले, बराच फरक पडला. जवसाची चटणी कडक भाकरीबरोबर छान लागते. झोपही नीट लागते आता.

अबोली_सो
अहो, मला वाफांचं नकोय, चामखिळींचं सांगा. वय ५१. पाळी जाऊन वर्ष उलटून गेलं. बीपीची गोळी आहे, रक्त पातळ व्हायची नाही. रंग कातडीसारखा, फक्त काखेतली एक परवापासून काळी पडलीय आणि हात लावला की ठणकते. शुगरचा इथे काय संबंध? मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. शेजारच्या वहिनींनी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायला सांगितलंय, आज रात्री लावते. पापणीवरही एक बारीक आहे, तिथे चालेल ना?

दुकानदार_होटगीरोड
ताई, थांबा. चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून कालवला की त्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. कातडी तो जाळतोच, आणि चामखीळ कुठे संपते, चांगली कातडी कुठे सुरू होते हे त्याला कळत नाही. पापणीवर तर नावच काढू नका. एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. माझं औषधांचं दुकान आहे, मानेवर भाजून घेऊन मलम मागायला येणाऱ्या बायका मी बघतो. बिब्ब्याचंही तेच, फोड येऊन उततो. भोवरीच्या पट्ट्या नि ॲसिडचं औषध लोक मागतात, तेही या चामखिळींसाठी नाही. ऑनलाइन थेंबांच्या बाटल्या दिसतात त्यांच्यापासूनही लांब राहा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, २०२२ मध्ये असली औषधं विकणाऱ्यांना इशारापत्रं पाठवली होती, कारण घरी लावायचं असं एकही औषध तिथे मंजूर नाही. मला विकून पैसे मिळाले असते, तरी सांगतोय.

गोदाक्का
म्हणून तर केस म्हणते मी. जाळायचं नाही, कापायचं नाही.

निशिगंध
अक्का, बांधून रक्त तोडायचं हे तत्त्व खरंच आहे, डॉक्टरसुद्धा कधी कधी दोरा बांधतात. पण तबेल्यातला केस, मेमधला घाम आणि काखेची जागा. त्यात शुगर निघाली तर जखम चिघळायला वेळ लागत नाही.

गोदाक्का
म्हणजे तत्त्व माझंच बरोबर. केस डेटॉलने धुवून घ्यायचा मग.

निशिगंध
अबोलीताई, आता शुगरचं. नीट वाचा, कारण मी यातूनच गेलेय.

पाळी गेली म्हणून थेट चामखिळी येतात असं नाही. चाळिशीनंतर त्या पुष्कळांना येतात, काही घराण्यांत जास्त. पण पाळी जायच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, इन्सुलिन असून शरीर त्याला दाद देत नाही, आणि रक्तात इन्सुलिन वाढलं की कातडीच्या पेशीही वाढायला लागतात. जिथे घासतं तिथे हे दिसतं: मान, काख, छातीखाली, जांघेत. मानेच्या मागे कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालीय का? मी तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासायचे. तो मळ नसतो, घासून जात नाही. ते आणि चामखिळी एकत्र असतील तर शुगर बघायलाच हवी. चहा बिनसाखरेचा असण्याने काही ठरत नाही.

एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी. उपाशी जावं लागत नाही, लग्नाच्या खरेदीला बाहेर पडाल तेव्हा वाटेत होईल. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. सोबत हिमोग्लोबिन नक्की, कारण लोह कमी असलं की हा आकडा खोटा वर जाऊ शकतो.

काळी पडलेली बहुतेक पिळली गेली असेल. देठाला पीळ बसून रक्त थांबलं की ती काळी होते, ठणकते आणि गळते. पण हे डोळ्यांनी बघून सांगायचं काम आहे, इथून कोणी छातीठोक सांगू नये. मी माझ्या चामखिळी सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत काढून घेतल्या. आधी बधिर करायचं मलम लावलं, मग बारीक सुईने एकेक जाळली. चटका जाणवतो, दुखणं म्हणावं इतकं नाही. बारीक खपल्या धरतात, त्या नखाने काढायच्या नाहीत, नाहीतर आपल्या रंगावर डाग राहतो. पूर्वी एखादी जखम फुगून जाड वळ राहिला असेल तर ते आधी सांगा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी करू नका.

सातरस्ता_५४
बंद गळ्याचा ब्लाउज शिवला तर? हल्ली फॅशनच आहे.

दुकानदार_होटगीरोड
४२ डिग्रीत बंद गळा? घासून अजून वाढतील. सुती, सैल, आणि मंगळसूत्र घरात काढून ठेवलं तरी चालतं.

गोदाक्का
मंगळसूत्र कशाला काढायचं? काहीही सांगतात.

अबोली_सो
एवढं सगळं वाचून चुना लावला नाही. मानेमागे काळं आहे, तुम्ही म्हणता तसंच मखमलीसारखं. आज नव्या पेठेत गेले होते, रक्त देऊन आले. एचबीए१सी ६.२, हिमोग्लोबिन ९.८. आईला शुगर होती. काळी पडलेली गळून पडली. मग आता लोहाच्या गोळ्या आणते आणि सोमवारी मानेचं करून घेते, झालं ना? मागच्या आठवड्यात दोन दिवस थोडं रक्त अंगावर गेलं, त्यानेच हिमोग्लोबिन कमी आलं असेल.

निशिगंध
थांबा. पाळी जाऊन वर्ष झालं म्हणालात, आणि मागच्या आठवड्यात अंगावर गेलं?

अबोली_सो
हो, डाग पडला तेवढा. उन्हाने, धावपळीने. त्याचा चामखिळीशी काय संबंध?

निशिगंध
चामखिळीशी नाही. पण वर्षभर पाळी बंद असताना एक डाग जरी पडला तरी तो पाळीचा धरायचा नाही. बऱ्याचदा साधं कारण निघतं, योनीच्या आतली त्वचा कोरडी झालेली किंवा छोटा कोंब (पॉलिप). पण कधी कधी गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच सुरू होतो, आणि वजन, शुगर असलेल्यांना त्याचा धोका जास्त. लवकर कळला तर बहुतेक बरा होतो. चामखिळी लग्नानंतर काढल्या तरी चालतील, हे नाही चालणार. सोमवारी आधी स्त्रीरोगवाल्यांकडे जा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, गरज वाटली तर तुकडा तपासतात.

गोदाक्का
अबोली, यात मीही तिच्याच बाजूने. माझ्या जावेने लोक काय म्हणतील म्हणून अंगावरच काढलं. तू नको काढूस. पाहुण्यांना मी येऊन भाकरी घालते वाटल्यास, जुळे सोलापुरातच आहे.

अबोली_सो
यजमानांना सांगितलं, ते येतायत सोबत. सोनोग्राफीला भरल्या लघवीने जायचं ना?

दुकानदार_होटगीरोड
पोटावरून करणार असतील तर भरलेली लागते, आतून करणार असतील तर रिकामी. पाणी पिऊन जा, तिथे विचारून ठरवा. बीपीची गोळी चुकवू नका. रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या, आणि डाग कोणत्या तारखेला पडला ते कागदावर लिहून न्या.