मशिदीच्या हॉलमध्ये परराज्यातल्या कामगारांसाठी इफ्तार आणि मराठीचा वर्ग

ताणाबाणा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला मशीद आहे. नमाजाच्या निम्म्या सफा (रांगा) बिहार-बंगालच्या पोरांच्या, सगळे टॉवेलच्या कारखान्यातले. वरचा हॉल रिकामा असतो. रमजानात रोज शंभर जणांची इफ्तार आणि नंतर मराठीचा वर्ग सुरू करायचाय. काय-किती लागेल?

बावर्ची_सोलापूर: शंभर जणांना काळे हरभरे कोरडे ५ किलो, शिजून माणशी वाटीभर होतात. खजूर तीन-तीन धरा, ३ किलो. चुरमुरे ३ किलो, सरबत २५ लिटर. हरभरे सकाळी भिजवू नका ओ, आपल्या उन्हात दुपारपर्यंत पाण्याला फेस येऊन आंबतात. रात्री भिजवा, सहरीला (पहाटेच्या, रोज्याआधीच्या जेवणाला) पाणी काढून टाका. बोअरचं पाणी जड असेल तर तासभर उकळूनही दाणा दगडच राहतो, म्हणून शिजवायला नळाचं पाणी ठेवा. केळी-पपई शेवटी कापा.

जंत्री: जेवणाआधी वेळ बघा. पोरांच्या मोबाईलमध्ये गावाकडचीच इफ्तारची वेळ असते. पाटण्याला सूर्य आपल्याआधी अर्ध्या तासाहून जास्त लवकर मावळतो, बंगालातल्या मालद्याला पाऊण तास. त्या वेळेला खजूर तोंडात टाकला की रोजा गेला. मुंबईचा सहरी-इफ्तारचा तक्ता उलटा फसवतो: आपली वेळ साधारण १२ मिनिटं आधीची, म्हणजे इफ्तार नुसती उशिरा होते, पण सहरी संपल्यावरही माणूस खात बसतो. सोलापूरचाच तक्ता मोठ्या अक्षरात हॉलच्या दारावर लावा.

ताणाबाणा: हे डोक्यातच नव्हतं. आणि वजूच्या (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याच्या) पाण्याचं?

जंत्री: नळ पूर्ण सोडला तर माणशी ५-६ लिटर सहज जातं. शंभर जणांना ५०० लिटरची टाकी एका नमाजात रिकामी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा बारीक धारेचे नळ बसवा आणि स्वयंपाकाची टाकी वेगळी ठेवा.

उचल_हजेरी: वर्ग रमजाननंतर घ्या, तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज) सोडून कोण बसणार? हिंदीवाल्यांना अक्षरं येतातच, अडतं ते ‘ळ’पाशी आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांपाशी. ‘शिक्षा’ म्हणजे त्यांना शिक्षण वाटतं, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. बंगाली पोरांना मात्र अक्षरओळखीपासून सुरुवात. पहिल्या दिवशी उचल, हजेरी, पाळी, कपात हे चार शब्द घ्या, पगाराच्या चिठ्ठीवर तेच असतात.

त्याच हॉलमध्ये एक दिवस रेशनचा ठेवा. वन नेशन वन रेशन या सरकारी योजनेत गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात अंगठा देऊन धान्य मिळतं. थोडं इथं उचललं तर उरलेलं घरचे तिकडं घेऊ शकतात. आधार त्या रेशनकार्डाला जोडलेलं नसलं की मशीन नाकारतं, ते आधी तपासा.

पेठेतला: तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथल्या मार्कंडेय मंदिराभोवती असंच एकमेकांना धरून बस्तान बसवलं की. नारळी पौर्णिमेचा रथ अजून निघतो. फक्त मुतवल्लींकडून (मशिदीचा कारभार बघणाऱ्यांकडून) हॉलचं लेखी घ्या, आणि चपलांचा रॅक जिन्याच्या खालीच ठेवा, वर नको.