नोकरी गेली, हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?

हिंजवडी_फेज_दोन
आमची सपोर्टची टीम मार्चअखेर बंद झाली. पुढच्या आठवड्यात एका ब्रिटिश कंपनीची व्हिडिओ मुलाखत आहे. 'व्हाय डिड यू लीव्ह?' याला काय उत्तर द्यावं? फायर्ड, टर्मिनेटेड, लेड ऑफ, रिट्रेंच्ड... मराठीत सगळ्यालाच आपण 'काढलं' म्हणतो. माझं वाक्य असं आहे: 'माय कंपनी रिमूव्ह्ड मी. आय ॲम जॉबलेस सिन्स मार्च अँड आय ॲम सर्चिंग जॉब.' चालेल का?

कागदोपत्री
नाही चालणार. आधी हे बघा: जागा गेली की माणूस नकोसा झाला? इंग्रजीतले शब्द तिथेच वेगळे होतात.

'फायर्ड' म्हटलं की चूक माणसाची: दांड्या, खराब काम, गैरवर्तन. ब्रिटनमध्ये बोलताना 'सॅक्ड', कागदावर 'डिसमिस्ड'. तुमची अख्खी टीम बंद झालीय, तेव्हा हे तिन्ही शब्द तोंडातून काढू नका. 'टर्मिनेटेड' तसा तटस्थ आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच 'का बरं?' येतं.

'लेड ऑफ' ब्रिटिशांनाही कळतं, पण त्यांचा घरचा शब्द 'मेड रिडंडंट'. तिथल्या कायद्यातही 'रिडंडन्सी'च आहे. आपल्याला तो अपमानास्पद वाटतो, कारण आपण त्याचा अर्थ 'निरुपयोगी' असा पाठ केलेला असतो. प्रत्यक्षात अनावश्यक ठरते ती जागा. म्हणून सरळ म्हणा: 'माय रोल वॉज मेड रिडंडंट इन मार्च, व्हेन द सपोर्ट टीम वॉज क्लोज्ड.' एवढं बोलून थांबा. पुढे मॅनेजरची गाऱ्हाणी सुरू झाली की चांगलं उत्तरही वाया जातं.

एक मात्र कराच. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ते पत्र, काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी टीम बंद करताना राजीनामा लिहून घेतात आणि पत्रात 'रिझाइन्ड' येतं. मग तुम्ही 'रिडंडंट' म्हणालात तर पार्श्वभूमी तपासणीत विसंगती दिसते. अशा वेळी 'आय रिझाइन्ड व्हेन द टीम वॉज बीइंग क्लोज्ड' हे खरंही आहे आणि कागदाशी जुळतंही.

चाकण_एमआयडीसी
कारखान्यातल्या वाचकांसाठी भर. आपल्या कामगार कायद्यात 'ले-ऑफ'चा अर्थ आयटीतल्यापेक्षा वेगळा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, ले-ऑफ म्हणजे वीज, कच्चा माल वगैरे नसल्याने तात्पुरतं काम न देणं. माणूस हजेरीपटावर राहतो. नियमांत बसणाऱ्या कामगाराला मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई. कायमची कपात म्हणजे 'रिट्रेंचमेंट': त्यात किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शिस्तभंगावरून काढलेला माणूस यात येत नाही. एचआरच्या मेलमध्ये यातला कोणता शब्द आहे, ते नीट बघा. पैशांचा हिशेब त्यावर फिरतो.

शुद्धलेखन_काकू
वाक्याची दुरुस्ती राहिलीच की! मार्चपासून आजपर्यंत चालू असलेली स्थिती 'ॲम'ने सांगता येत नाही: 'आय हॅव बीन आउट ऑफ वर्क सिन्स मार्च.' महिने मोजायचे असतील तर 'फॉर फोर मंथ्स'. 'सिन्स फोर मंथ्स' ही आपल्या 'चार महिन्यांपासून'ची कृपा.

'सर्च'नंतर 'फॉर' हवाच. 'द पोलीस सर्च्ड द हाउस' म्हणजे पोलिसांनी घराची झडती घेतली. तुम्ही नोकरीची झडती घेत नाही आहात! साधं 'लुकिंग फॉर अ जॉब' म्हणा. 'अ जॉब' बरोबर. नोकरी या अर्थी 'अ वर्क' चूक, तिथे 'वर्क' मोजता येत नाही. 'जॉबलेस' बातमीच्या मथळ्यात शोभतं. 'बिटवीन जॉब्ज' व्याकरणाने ठीक, पण लपवाछपवीचा वास येतो.

बेंचवरचा
'ऑन द बेंच' म्हणजे बेकार नव्हे: आयटीत एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंत माणूस थांबतो, पण पगार चालू असतो. 'गार्डन लीव्ह'मध्येही नोटीस संपेपर्यंत पगार मिळतो, फक्त कामावर येऊ नका म्हणतात.

पेठेतली_अभ्यासिका
स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी: 'अनएम्प्लॉइड' म्हणजे नुसतं काम नसलेला नव्हे. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो. जो शोधत नाही आणि तयारही नाही, तो 'आउट ऑफ द लेबर फोर्स'. समजा १०० प्रौढ आहेत. ५७ काम करतात, ३ शोधतात, ४० दोन्हीत नाहीत. बेरोजगारीचा दर काढताना काम करणारे आणि शोधणारे एवढेच धरायचे: ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. घाईत १०० ने भागून ३ लिहिणारे दरवर्षी सापडतात. शिवाय केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थितीनुसार, मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेलाही 'एम्प्लॉइड'च धरतात.

हिंजवडी_फेज_दोन
सर्वांचे आभार. पत्र काढून पाहिलं, 'रिझाइन्ड'च आहे. वाक्य बदललं. ईमेलमध्ये 'लेड ऑफ' लिहायची वेळ आली तर स्पेलिंग काय?

शुद्धलेखन_काकू
एल-ए-आय-डी, मग जागा सोडून 'ऑफ'. वाय-ई-डी नको. 'लेऑफ' नाम असेल तेव्हा जोडून.