सासऱ्यांचे जर्मन तिकिटांचे अल्बम आणि एक मिलिटरी बक्कल, काय करू?

मुग्धा_नौपाडा

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, त्यामुळे माळ्यावरून रोज काहीतरी निघतंय. सासरे मर्चंट नेव्हीत होते, हँबुर्ग-ब्रेमेनच्या भरपूर फेऱ्या झाल्या त्यांच्या, तर त्यांचे जर्मन स्टॅम्प्सचे दोन जाडजूड अल्बम सापडलेत. पहिली पानं मुकुट घातलेल्या एका बाईची, रंग वेगळे पण बाई तीच. मग लाखाची, कोटीची तिकिटं, एकावर तर ५० आणि पुढे मिलियार्डेन लिहिलंय. मग दोन पानं नुसता हिटलर. शेवटी पूर्व जर्मनीची फुलं, पक्षी, रॉकेटं, ती लेकीने आधीच हेरून ठेवलीत. आणि मधे मधे नखाएवढी निळी तिकिटं, ढिगाने.

शिवाय दोन वस्तू. सासऱ्यांचे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले, मूळ गाव माणगावकडचं. त्यांनी आणलेलं पट्ट्याचं बक्कल आहे, त्यावर गरुड, त्याच्या पायात हिटलरवालं स्वस्तिक आणि वर गॉट मिट उन्स. दुसरा एक काळा क्रॉस, त्यावर १९१४, तो सासऱ्यांनीच तिकडे जुन्या बाजारात घेतलेला.

स्टेशनजवळचा एक जुन्या वस्तूवाला सगळ्याचे मिळून १५ हजार म्हणतोय आणि "आजच सांगा" म्हणून मागे लागलाय. भाचा स्टुटगार्टला असतो, तो म्हणतो मामी इकडे घेऊन ये, इथे चांगले पैसे येतील. आणि असलं बक्कल घरात ठेवलेलं चालतं का? पावसाळ्यात हे सगळं भाड्याच्या घरात कसं टिकवायचं? जाणकारांनी सांगा प्लीज.

कळव्याचा_पक्या

५० मिलियार्ड म्हणजे ५ हजार कोटी ना? ताई रिडेव्हलपमेंटची वाट कशाला बघताय, अख्खा नौपाडाच विकत घ्या 😄

जोक्स अपार्ट, "आजच सांगा" म्हणणाऱ्याला अजिबात देऊ नका, त्याला नक्की काहीतरी दिसलंय.

वाशीचे_टपालकाका

पक्या, दिसलं असेलच असं नाही रे, तो सगळ्यांनाच आजच सांगा म्हणतो.

मुग्धाताई, ती मुकुटवाली बाई म्हणजे जर्मानिया, जर्मनी देशाचं स्त्रीरूप, ॲना फ्यूरिंग नावाच्या नटीवरून केलेलं चित्र. १९०० पासून १९२२ पर्यंत हीच सिरीज चालली, एवढी छापलीय की बहुतेक किमतींना रद्दीचा भाव. फक्त वरचं नाव बघा, राइशपोस्ट लिहिलेली पहिली, १९०२ पासून डॉइचेस राइश झालं. वॉटरमार्क नंतर बघू, तो वेगळा उद्योग आहे.

आता तुमचे कोट्यधीश. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे महागाई अशी सुटली की जानेवारी १९२३ च्या मध्याला परगावच्या साध्या पत्राला ५० मार्क लागायचे आणि १ डिसेंबरला त्याच पत्राला १०० मिलियार्ड, म्हणजे १०० अब्ज. त्याच तारखेपासून टपालाचे दर रेंटेनमार्क या नव्या चलनात लागू झाले आणि हे १०० अब्ज म्हणजे १० पफेनिग (पफेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा भाग) असा हिशोब बसला. मधल्या काळात नवीन तिकिटं छापायला उसंत नव्हती म्हणून जुन्यांवरच नवी किंमत काळ्या शाईत ठोकायचे. ५० मिलियार्ड मात्र ठोकलेलं नाही, मुळातच तसं छापलेलं, आणि या महागाईच्या तिकिटांत सगळ्यात मोठ्या किमतीचं.

आणि गंमत इथे आहे. आपण एरवी कोरं तिकीट भारी समजतो, इथे उलटं चालतं. चलन बदललं तेव्हा कोरा साठा ढिगाने उरला, तो दुकानदारांकडे गेला, आजही पाकिटं भरभरून मिळतो. पण ते तिकीट जेमतेम काही दिवस चालायचं, तेवढ्या दिवसांत खरोखर पत्रावर लागून, तारखेचा शिक्का बसलेलं सापडणं अवघड. म्हणून नकली शिक्के मारायचा धंदाच झाला. म्हणून तिकीट उलटं करून बघा, मागे बारीक अक्षरात इन्फ्ला बर्लिन (या महागाईच्या तिकिटांच्या अभ्यासकांची संस्था) असा तपासणीचा ठप्पा असेल तर जपून ठेवा, नसेल तर शिक्क्यावर लगेच भुलू नका.

हिटलरची पानं बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. १९४१ नंतरची ही रोजच्या वापरातली तिकिटं, जगभर मुबलक. काहींवर चेहरा काळ्या शाईने झाकलेला असेल तर मात्र फोटो टाका, १९४५ मध्ये सॅक्सनीतल्या पोस्टांनी उरलेला साठा तसा काळा करून वापरला होता. त्यातही डुप्लिकेट चिकार, तो भाग वेगळा.

पूर्व जर्मनीची रॉकेटं खुशाल लेकीला द्या, फक्त मागे गोंद शाबूत आणि कोपऱ्यात स्वच्छ पाव शिक्का असेल तर ती पत्रावर कधी लागलीच नाहीत, सरकारने परकीय चलनासाठी शिक्के मारूनच विकली. कोरा सेट असेल तर फोडू नका, बऱ्याच सेटमधलं एक तिकीट मुद्दाम कमी सोडायचे आणि सगळी किंमत त्या एकात असते.

निळी चिमुकली तिकिटं माझी सगळ्यात लाडकी. सोव्हिएत रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली होती, तेव्हा पश्चिमेकडच्या लोकांनी जवळपास प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी हे २ पफेनिगचं जादा लावायचं, पैसा पश्चिम बर्लिनला. १ डिसेंबर १९४८ ला सुरू झालं आणि १९५६ पर्यंत चाललं. किंमत काहीच नाही हो, पण कडेच्या दातांचे आणि कागदाचे इतके प्रकार आहेत की माणूस रिटायर झाल्यावरही पुरतं.

ऐरोली_मिलिटरिया

तिकिटांवर काका बोललेतच, मी बक्कलवर येतो. गॉट मिट उन्स (देव आमच्यासोबत) ही नाझींची घोषणा नाही, प्रशिया या जुन्या जर्मन राज्याची आहे, पहिल्या महायुद्धाच्या प्रशियन बक्कलवर हेच शब्द पण मधे मुकुट. गरुड आणि हाकेनक्रॉइझ, म्हणजे नाझी स्वस्तिक, आलं म्हणजे हिटलरच्या काळातलं लष्कराचं. मागची बाजू बघा, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं, चामड्याची छोटी जीभ शिल्लक असेल तर तिच्यावरही असतं. आधीची बक्कलं ॲल्युमिनियमची, युद्ध सुरू झाल्यावर पत्र्याची आणि वर करडा-हिरवा रंग.

क्रॉसला लोहचुंबक लावून बघा. खरा आयर्न क्रॉस (जर्मनांचं लष्करी पदक) तीन तुकड्यांचा असतो, मधे ओतीव लोखंड आणि भोवती चांदीची दोन भागांत डाख दिलेली चौकट, कडेला भिंगाने जोड दिसतो. चिकटला म्हणून खरा असं नाही, नकलवालेही आता लोखंड घालतात, पण १९१४ चा क्रॉस एवढा वाटला गेलाय की त्याची नक्कल करून फार काही सुटत नाही. नकली माल जास्त १९३९ वाल्यात.

पण ताई, खरी किंमत बक्कलची नाही, सासऱ्यांच्या काकांची आहे. इटलीत मराठ्यांची लढाई साधी नव्हती, तुमच्याच माणगावकडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काकांचं डिस्चार्ज बुक, मेडल, एखादा फोटो काहीही असेल तर बक्कलबरोबर एकाच डब्यात ठेवा. जुन्या बाजारात हे एकमेकांपासून सुटलं की राहतं ते फक्त पत्र्याचं बक्कल. आणि त्याला ब्रासो लावू नका, हात जोडतो.

घरात ठेवायला आपल्याकडे बंदी नाही. माळ्यावर बायोनेट निघाली तर मात्र थांबा, ९ इंचांहून लांब पातं आर्म्स ॲक्टच्या नियमांत येतं आणि जर्मन रायफलची नेहमीची बायोनेट १० इंचांच्या आसपास भरते.

भाच्याला सांगा, जर्मनीत हे चिन्ह उघड मिरवणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, त्यांच्या दंडसंहितेचं कलम ८६अ. संग्रह करायला ना नाही, इतिहास-संशोधनासाठी सूट आहे, लिलाववाले बोली लावणाऱ्याकडून तसं कबूल करून घेतात, फोटोत चिन्ह झाकतात. पण बॅगेत टाकून एअरपोर्टवर उतरायची वस्तू नव्हे ही.

श्रुती_खारघर

माझं मत कुणाला आवडणार नाही पण बोलते. लाखो माणसं गॅस चेंबरमध्ये मारली त्या राजवटीची चिन्हं आपण "कलेक्शन" म्हणून कौतुकाने शोकेसमध्ये लावतो, आणि आपल्याकडे तर हिटलर म्हणजे कडक शिस्तीचा माणूस एवढंच डोक्यात असतं लोकांच्या. तिकिटं ठीक, बक्कल म्युझियमला द्या नाहीतर भंगारात.

वाशीचे_टपालकाका

श्रुती, शोकेसबद्दल शंभर टक्के पटलं, मी स्वतः ती पानं प्रदर्शनाला लावतो तेव्हा शेजारी छळछावणीतून आलेलं कैद्याचं छापील पत्र लावतो, त्यावर काय लिहायचं काय नाही याचे नियमच छापलेत. भंगार मात्र नाही पटलं. ते बक्कल त्यांच्याविरुद्ध लढलेल्या माणसाने आणलंय, मिरवायला नाही.

ऐरोलीवाले, तुम्ही आझाद हिंदचा विषय काढला नाहीत याचं आश्चर्य वाटलं. मुग्धाताई, जर्मन अल्बमच्या शेवटी हिंदी-इंग्रजीत आझाद हिंद लिहिलेली काही आहेत का बघा, नांगरणारा शेतकरी, चरख्यावरची बाई वगैरे चित्रं. नेताजींच्या चळवळीसाठी १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली, पण टपालात कधीच वापरली गेली नाहीत. म्हणून कुणी शिक्का मारलेलं अस्सल आझाद हिंद म्हणून विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पावसाळ्याचं: अल्बम आडवे रचू नका, पुस्तकासारखे उभे ठेवा, नाहीतर गोंद सुटून पानंच चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात तर नकोच, ते आतून घामेजतं. सिलिका जेलच्या पुड्या टाका, डांबरगोळ्या नकोत. तपकिरी ठिपके आलेली तिकिटं आजच वेगळी काढा, ते पसरतं.

मुग्धा_नौपाडा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. श्रुती, तुझं म्हणणं पोचलं, बक्कल शोकेसमध्ये जाणार नाही.

क्रॉसला फ्रिजवरचं मॅग्नेट चिकटलं, कडेला जोडही दिसतोय. बक्कलच्या मागे चामड्याची जीभ आहे, वाळून कडक झालीय, त्यावर १९४१ वाचता येतंय, नाव पुसट. आझाद हिंद काही नाही. पण दुसऱ्या अल्बमच्या कव्हरात एक अख्खं पाकीट निघालं, लाइपझिगहून आलेलं, मागेपुढे सगळीकडे तिकिटंच तिकिटं, पत्त्याला जेमतेम जागा उरलीय, शिक्क्यावर २८.११.२३ दिसतंय. ही तिकिटं पाण्यात भिजवून काढायची का?

वाशीचे_टपालकाका

नाही!!! पाण्याच्या जवळसुद्धा नेऊ नका. २६ ते ३० नोव्हेंबर १९२३ या पाच दिवसांत परगावच्या साध्या पत्राला ८० मिलियार्ड लागायचे. सगळ्या तिकिटांची बेरीज करा. रजिस्टर किंवा परदेशी असेल तर हिशोब वेगळा, पण बेरीज दरात बसली तर दोन अल्बम एकीकडे आणि हे पाकीट एकीकडे. किंमत मी फोटोवरून सांगणार नाही, कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा, प्लास्टिकच्या थैलीत नको. रविवारी ट्रान्स हार्बरने ठाण्याला येतोच आहे, मिशेल कॅटलॉग (तिकिटांची जर्मन सूची) आणि भिंग घेऊन येतो.

कळव्याचा_पक्या

बघा, म्हटलं होतं ना त्याला काहीतरी दिसलंय.

मुग्धा_नौपाडा

पक्या, पाकीट त्याने पाहिलेलंच नव्हतं. सकाळी त्याचा परत फोन आला, २२ हजारांवर आलाय. नाही म्हणून सांगितलं. काका, रविवारी चार वाजता या, बेरीज मी करून ठेवते, आणि तुमच्या निळ्या तिकिटांची सगळी डुप्लिकेट बाजूला काढलीत, ती घेऊन जा. रॉकेटं मात्र मिळणार नाहीत, लेकीच्या वहीत गेली.