मदत हवी आहे: ग्रो लाइट, एक्स्टेंशनचं करपलेलं भोक आणि पहाटे पडणारी आरसीसीबी

खाडीकाठ:

मालवणजवळ खाडीच्या काठावर जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर लाकडी माळा, त्यावर कौलं. माजघराशेजारच्या १० बाय १२ च्या खोलीत मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापायची रोपं) आणि लेट्यूस वाढवतो. पावसाळ्यात खिडकीचा उजेड पुरत नाही, म्हणून लोखंडी अँगलचे तीन रॅक केले आहेत. प्रत्येकाला चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात २० वॅटच्या दोन चार फुटी एलईडी ट्यूब, म्हणजे एकूण २४ ट्यूब. ट्यूब अ‍ॅल्युमिनियम बॉडीच्या, तीन पिनी, एकीतून दुसरीत जोडत जायच्या प्रकारच्या आहेत. शिवाय ५० वॅटचे दोन पंखे आणि हवेतला ओलावा काढणारा ३५० वॅटचा डीह्युमिडिफायर. बेरीज ९३० वॅट.

भिंतीतल्या एकाच ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड आहे, त्यात दुसरा एक्स्टेंशन, आणि टायमर पहिल्या बोर्डात. दिवे पहाटे ४ ते संध्याकाळी ६. भिंतीतली वायर १.५ चौ. मिमी तांब्याची, एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) १० अँपिअरची, संपूर्ण घराला मिळून ३० मिलिअँपिअरची एक आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच).

आता पहिल्या बोर्डाचं एक भोक तपकिरी झालंय आणि त्यात बसणाऱ्या प्लगची एक पिन काळवंडली आहे. बाकीच्या पिनांवर हिरवट थर आहे. आणि पाऊस लागला की आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे ४ च्या सुमारास आरसीसीबी पडते. सकाळी ८ ला वर केली की राहते. एमसीबी मात्र एकदाही पडलेली नाही.

वायरमनचं म्हणणं, आरसीसीबी काढून टाकू, समुद्राजवळ ती त्रासच देते, आणि एमसीबी २० ची घालू. हे बरोबर आहे का? वर सगळं लाकूड आहे, म्हणून काळजी वाटते.

तांबडी माती:

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. आधी काळवंडलेल्या पिनेचं बघा, कारण आगीची सुरुवात तिथे होऊ घातली आहे.

तुमचा लोड जास्त नाहीच. ९३० भागिले २३० म्हणजे ४ अँपिअर, पॉवर फॅक्टर धरून फार तर साडेचार. ६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटला हे झेपतं. पण खाऱ्या हवेत पितळेला कळंक चढतो, आणि आधीच पातळ पत्र्याची असलेली सॉकेटची पकड सैल होते. मग पिन आणि पकड यांचा स्पर्श एखाद्या टिंबाएवढाच उरतो. त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला, तर साडेचार अँपिअरला १० वॅट उष्णता होते. एक ओहम झाला तर २० वॅट. मोबाइल दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. तेवढीच धग प्लास्टिकच्या पोटात, रोज १४ तास.

त्या धगीने पकडीचा ताण जातो, ती आणखी सैल होते, रोध वाढतो आणि धगही वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही. आणि एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण तिच्यातून साडेचारच अँपिअर वाहतात. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण करंट बाहेर कुठे गळत नाही. म्हणून सैल जोडापासून वाचवणारं उपकरण तुमच्या बोर्डात आज नाही. जोड घट्ट आणि कमीत कमी असणं हाच त्यावरचा उपाय.

भिंतीच्या सॉकेटपासून शेवटच्या ट्यूबपर्यंत तुमचे जोड मोजा. सॉकेट, पहिला बोर्ड, टायमर, दुसरा बोर्ड, मग ट्यूबमागून ट्यूब. सर्वात जास्त करंट पहिल्या जोडांतून जातो आणि करपलंयही तिथेच. एकात एक एक्स्टेंशन आजच काढा.

एमसीबी एकदाही पडली नाही, म्हणजे ती बदलायचं कारणच नाही. ती वायरीच्या रक्षणासाठी असते. पाइपातून इतर वायरींसोबत गेलेल्या १.५ चौ. मिमी वायरीला १० चीच योग्य.

अर्थपिट:

आरसीसीबीबद्दल लिहितो, कारण "काढून टाका" हा सल्ला किनारपट्टीवर सर्रास ऐकू येतो आणि तो फार घातक आहे.

आपल्याकडे जांभा. वरून ओला दिसला तरी कातळात अर्थिंगचा रोध सहज कमी होत नाही. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि रॅकला फेज लागला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. २० ची एमसीबी यावर कधीच पडणार नाही, १० चीसुद्धा एवढ्याशा जादा करंटला पडेलच असं नाही. तोवर दोष असलेल्या जागेपासून अर्थिंगपर्यंतच्या वाटेवर अडीच हजार वॅटहून जास्त वीज जळत राहील, आणि रॅकला हात लावणारा माणूसही त्याच वाटेवर असेल. हा दोष क्षणात तोडणारी आरसीसीबीच. खराब अर्थिंग असलेल्या घरात तिची गरज जास्त, कमी नाही.

ती पहाटे का पडते तेही सांगता येईल. तीन पिनी एलईडी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ट्यूबला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि त्यांतून थोडा करंट कायम अर्थमध्ये जातो. प्रत्येकी अर्धा मिलिअँपिअर धरला तरी २४ चे १२ झाले. ३० ची आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. त्यात फ्रिज आणि पंप यांची गळती मिळवा. वर पावसाळी पहाट. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. बोर्डाच्या आत साचलेला खारा थर ओला होऊन त्यातून करंट सरपटतो. ४ वाजता टायमर २४ ड्रायव्हर एकदम चालू करतो तेव्हा त्यांच्या कपॅसिटरांचा झटका बसतो आणि ती पडते. ८ पर्यंत घर जागं होतं, चूल पेटते, हवा थोडी सुकते.

तो सरपटणारा करंट प्लास्टिकवर हळूहळू कोळशाची रेघ ओढतो. तपकिरी झालेल्या भोकाजवळ झाडाच्या फांद्यांसारखी बारीक काळी नक्षी दिसते का, टॉर्च मारून बघा. दिसली तर ते प्लास्टिक आता स्वतःच वीज वाहून नेतंय. रेघ फेज ते अर्थ असेल तर आरसीसीबी पडेल. फेज ते न्यूट्रल असेल तर नाही.

वायरमनकडून मेगर (वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावून घ्या, ५०० व्होल्टवर. त्याआधी सगळे ड्रायव्हर, टायमर, इन्व्हर्टर सोडवा, नाहीतर ते जळतील. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, दोन्ही तपासा. एक मेगओहमच्या खाली आलं तर दोष वायरिंगमध्ये. आकडा चांगला आला तर गळती ड्रायव्हरांची, आणि मग सर्किट वेगळं करणं हा इलाज. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा चिकटते, हलती राहायला हवी.

खाडीकाठ:

टॉर्च मारून बघितलं. काळी नक्षी आहे, फेज आणि न्यूट्रलच्या भोकांमध्ये. बोर्ड काढून ठेवला. आता नवीन जोडणी करायची तर नेमकं काय काय घेऊ? आणि माळा लाकडी आहे म्हणून वेगळं काही करावं लागेल का?

तांबडी माती:

मुख्य बोर्डापासून या खोलीसाठी दोन स्वतंत्र सर्किट ओढा. एक दिव्यांना, एक पंखे आणि डीह्युमिडिफायरला. दोन्हींना तांब्याची एफआर (सहज पेट न घेणारी) वायर २.५ चौ. मिमी, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही एकाच जाडीच्या, पीव्हीसी पाइपातून. प्रत्येक सर्किटला १० अँपिअर सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअरची आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), टाइप ए. सी कर्व्ह अशासाठी की ड्रायव्हर आणि कंप्रेसर सुरू होतानाच्या झटक्याला बी कर्व्ह विनाकारण पडते. टाइप ए अशासाठी की इलेक्ट्रॉनिक लोडची गळती निव्वळ एसी नसते, आणि साध्या एसी प्रकाराला ती नीट ओळखता येत नाही. या आरसीबीओंना वीज घराच्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने द्या. नाहीतर दोन्ही एकदम पडतील आणि वेगळं केल्याचा उपयोग होणार नाही.

भिंतीवर जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर, रॅकच्या बाजूला, तीन चांगली शटरवाली सॉकेट घ्या, प्रत्येक रॅकला एक. ट्रेच्या खाली एकही नको. वायर सॉकेटकडे वरून थेट आणू नका. आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. बॉक्स आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा), वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणारा जोड). रिकामी भोकं बंद करा. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात आणि टायमरच्या पत्त्यांत अडकून मरतात.

टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते हीटरसारख्या लोडसाठी. २४ ड्रायव्हरांचा सुरुवातीचा झटका मोठा असतो, त्याने टायमरची आतली पत्ती वितळून चिकटते आणि दिवे बंदच होत नाहीत. म्हणून टायमरने फक्त २५ अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर (थोड्या करंटवर चालू-बंद होणारा दणकट स्विच) चालवा आणि दिव्यांचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्या.

बारीक तारांची वायर स्क्रूखाली थेट पिळून घालू नका, टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून घाला. कथील लावून टोक कडक करायची सवय असेल तर ती सोडा. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. जोडावर नुसती टेप गुंडाळू नका. पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो.

प्रत्येक रॅकला हिरव्या वायरीने अर्थ करा. रिंग लग, खाली दातेरी वॉशर, आणि त्या जागेचा रंग घासून लोखंड उघडं केलेलं. रंगाच्या थरावर अर्थिंगचा जोड लागत नाही. ट्यूबच्या माळेत शेवटच्या ट्यूबचं उघडं टोक विसरू नका. त्यात फेज जिवंत असतो, पाण्याचा फवारा तिथेच जातो. सोबत येणारं रबरी झाकण लावा. एका माळेत किती ट्यूब जोडायच्या ते उत्पादकाने अंगावर लिहिलेलं असतं. आठ जमत असल्या तरी मी चारच्या दोन माळा करेन.

आता लाकडी माळ्याबद्दल. वरच्या ट्यूबपासून लाकडापर्यंत किमान एक फूट मोकळं ठेवा, आणि बॉक्स लाकडी खांबावर न ठोकता भिंतीवर, मागे सिमेंट शीटचा तुकडा घालून बसवा. त्याहून महत्त्वाचं, खोलीतून आणि वरच्या माळ्यावरून सोडणं (नारळाची सालं), गोणपाट, पेंढा आणि कोकोपीटची कोरडी पोती हलवा. सुका कोकोपीट ज्वाळा न दिसता तासन् तास धुमसतो.

माडाखाली:

दिवे पहाटे ४ ला कशाला? घरातले झोपलेले असताना पहिली ठिणगी पडू नये. सकाळी ७ ते रात्री ९ करा, १४ तासच होतात. रोपांना फरक पडत नाही.

आणि हे लाइट इन्व्हर्टरवर घेऊ नका.

वादळात लाइनचा न्यूट्रल तुटला की तीन फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि ड्रायव्हर फुटतात. मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर आणि टाइप २ सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अर्थमध्ये सोडणारं उपकरण) बसवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की तरीही प्लग काढा. अरेस्टर चांगल्या अर्थिंगशिवाय काम करत नाही, म्हणून अर्थिंगचा रोधही याच वेळी मोजून घ्या.

अर्थपिट:

एक सवय लावा. नवी जोडणी झाल्यावर दिवे तासभर चालू ठेवून प्रत्येक प्लगच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल. बोटं मागे घ्यावीशी वाटली तर तो जोड सैल आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काळ्या प्लास्टिकवर धरा, चकचकीत पितळेवर तो खोटं सांगतो. शेजारच्या प्लगपेक्षा १० अंश जास्त दिसलं की बंद करून उघडा. पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश आहे, तिथपर्यंत वाट बघायची नाही.

नाकही वापरा. स्विच-सॉकेटचं काही प्लास्टिक तापलं की चक्क मासळीसारखा वास येतो. आपल्याकडे तो वास दिवसभर घरात असतोच, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. बाजार झालेला नाही, चुलीवर काही नाही आणि तरी खोलीत म्हावऱ्याचा वास आला, तर आधी सॉकेट तपासा.

खोलीच्या दाराबाहेर फोटोइलेक्ट्रिक स्मोक अलार्म लावा. आत वाफेने उगाच वाजेल, आत हीट अलार्म बरा. दाराबाहेरच २ किलोचा एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा आयएसआय सिलिंडर. पाणी मारायचं नाही. आधी मेन पाडायची, मग सिलिंडर, आणि धूर माळ्यावर चढला असेल तर सगळे बाहेर येऊन १०१ किंवा ११२.

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. परवानाधारक दुसरा वायरमन शनिवारी येतोय, तुमचे मुद्दे छापून त्याला देतो. एकच राहिलं. तोवर रोपं मरू नयेत म्हणून जुना प्लग चिंचेने घासून वापरला तर चालेल का? पिन आता लख्ख दिसते.

तांबडी माती:

नको. चिंचेने कळंक जातो, पण धगीने गेलेला पकडीचा ताण परत येत नाही, आणि चिंचेची आंबट ओल आत राहिली तर आठ दिवसांत पुन्हा हिरवं होईल. प्लग आणि बोर्ड दोन्ही फेका. फेकण्याआधी वायर कापा, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.

शनिवारपर्यंत डीह्युमिडिफायर बंद ठेवा. भिंतीतलं सॉकेट करपलेलं नसेल आणि प्लग त्यात घट्ट बसत असेल, तर त्यात थेट एकाच रॅकची माळ लावा. एका रॅकच्या आठ ट्यूब म्हणजे १६० वॅट, पाऊण अँपिअरच्या आसपास. टायमर नको, सकाळी हाताने चालू आणि झोपण्याआधी हाताने बंद. लेट्यूस त्या रॅकवर घ्या. मायक्रोग्रीन्सचे ट्रे चार दिवस पडवीत उजेडाच्या कडेला ठेवले तर थोडे उंच आणि फिके होतील, मरणार नाहीत.