मदत हवी आहे: रॅटच्या नाकाडोळ्यातून लाल येतंय, औषध सांगा

तिळूची_ताई
कोणी ऑनलाइन आहे का, प्लीज लवकर सांगा. तिळूच्या नाकातून आणि डाव्या डोळ्यातून रक्त येतंय, सकाळपासून तीनदा पुसलं तरी परत येतंय, शिंका पण चालू आहेत. इथे नेरूळला जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं तर काउंटरवरच सांगितलं की आम्ही फक्त कुत्री मांजरं बघतो. घरी कुठलं औषध देऊ आणि किती, एवढंच सांगा.

खारघरची_बाग
तिळू म्हणजे कोण? मांजर का पोपट?

तिळूची_ताई
अहो रॅट. टायटलमध्ये लिहिलंय ना. पांढरी आहे, पाठीवर काळे ठिपके.

वाशी_सेक्टर_नऊ
आमच्या बिल्डिंगमध्ये पण उंदरांचा फार त्रास आहे, डक्टमधून येतात. गोळ्या ठेवून काही होत नाही, मी चिकट पॅड आणले, दोन रात्रीत पाच सापडले. ओट्याखाली आणि गॅस पाइपच्या भोकाजवळ ठेवा.

तिळूची_ताई
माझी पाळलेली आहे!! मारायची नाहीये.

घोडबंदर_तीन_शेपट्या
ताई आधी शांत व्हा, ते बहुतेक रक्त नाहीये. रॅटच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून लालसर स्राव येतो, पॉर्फिरिन म्हणतात त्याला. एरवी ती हाताने तोंड पुसताना साफ करून टाकते म्हणून आपल्याला दिसत नाही. आजारी असली किंवा कसला ताण आला की जास्त येतो आणि पुसायचं पण सोडून देते, मग असं रक्तासारखं सुकून बसतं. ओल्या पांढऱ्या टिश्यूने पुसा आणि दुकानात नोटा तपासायचा निळा लाइट असतो ना, तो त्या टिश्यूवर मारा. गुलाबी-लाल चमकलं तर पॉर्फिरिन. तिच्या डोळ्यावर मारू नका, फक्त टिश्यूवर.
पण रक्त नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही हं. शिंका आहेत म्हणजे छातीचं बघायला हवं. आता हे सांगा: वय किती? वजन किती? एकटी आहे का जोडीदार आहे? पिंजऱ्यात खाली काय घालता? खाते का?

तिळूची_ताई
वय १ वर्ष ८ महिने. वजन कधी केलं नाही. सकाळी चपातीचा तुकडा दिला तो हातात धरून बसली फक्त. खाली भुसा असतो, पण त्याचा काय संबंध? औषधाचं नाव सांगा ना कोणीतरी, बाबा मेडिकलला जायला उभे आहेत.

जुनी_वाशी
डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक. माझ्या रॅटला सेम झालं होतं, माणसाची कॅप्सूल फोडून थोडी पावडर दुधात कालवून दिली, तीन दिवसात उड्या मारायला लागली. डॉक्टर पण शेवटी तेच देतात, वर फी घेतात ती वेगळी.

घोडबंदर_तीन_शेपट्या
दुधात अजिबात नको. दुधातलं कॅल्शियम डॉक्सीला बांधून टाकतं, औषध अंगाला लागतच नाही. आणि "थोडी पावडर" म्हणजे किती? माणूस ६० किलोचा, ही जेमतेम पाव किलोची. शिवाय रॅटला उलटी करता येत नाही, जास्त गेलं तर बाहेर काढायची सोयच नाही.

जुनी_वाशी
माझी बरी झाली हे खोटं आहे का? तुम्ही डॉक्टर आहात का?

घोडबंदर_तीन_शेपट्या
नाही, म्हणूनच डोस सांगत नाहीये. बरी झाली याचा मला आनंदच आहे, पण तुमच्या रॅटचं वजन आणि हिचं वजन एकच असेल असं कुठे आहे.

ऐरोलीची_सुगरण
बाळांना सर्दी झाली की आम्ही ओव्याची पुरचुंडी शेकतो, आणि खोलीत कापूर ठेवा, नाक मोकळं होतं. जंगली घरगुती कसंही असो, जीव तो जीवच.

घोडबंदर_तीन_शेपट्या
काकू मायेने सांगताय ते कळतंय पण कापूर नको, बाम पण नको. रॅट फक्त नाकाने श्वास घेते, तेवढ्याशा फुफ्फुसाला तो वास झेपत नाही. अगरबत्ती आणि डासांची कॉइल सुद्धा त्या खोलीत लावू नका.
तिळूची ताई, तो भुसा कुठला ते सांगा. संबंध आहे म्हणूनच विचारतोय.

तिळूची_ताई
चौथ्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे, तिथल्या सुतारकाकांकडून पिशवी भरून आणते, १५ दिवस झाले. आधी कागदाचं बेडिंग मागवायचे, ते संपलं.

घोडबंदर_तीन_शेपट्या
आज आत्ता काढून टाका तो. फर्निचरचा म्हणजे प्लायचा भुसा, त्यात गोंद असतो, बारीक धूळ असते. पाइनचा असला तर त्याच्या वासाने पण श्वासाला त्रास होतो. जुनी टीशर्ट नाहीतर वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला आणि रोज बदला, लघवीचा अमोनिया साचला की छाती अजून बिघडते. बहुतेक पाळीव रॅटमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू लहानपणापासून असतो, गप्प बसलेला असतो, असं काही झालं की डोकं वर काढतो. तुमच्याकडे तेच झालंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण लक्षणं त्या वळणाची आहेत.
आता दोन गोष्टी करा. तिला उचलून तिची कूस तुमच्या कानाला लावा. नुसती शिंक वेगळी, पण आतून घरघर किंवा टिकटिक ऐकू आली तर ते छातीतलं आहे. आणि स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर डबा ठेवून, काटा शून्य करून, तिला डब्यात बसवा. ग्रॅममध्ये लिहून ठेवा, डोस त्यावरच ठरतो.

कळवा_पूर्व
सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी झालं? हे कोणी विचारलंच नाही. उंदराच्या गोळीत ब्रोमाडिओलोन असतं, त्याने रक्त गोठत नाही आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तोवर प्राणी ठणठणीत दिसतो. त्याला व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे पण डॉक्टरकडूनच. मी हे कुत्र्याच्या बाबतीत भोगलंय म्हणून सांगतेय.

तिळूची_ताई
पेस्ट कंट्रोल मार्चमध्ये झालं. ती घराबाहेर जात नाही, बेडवरच सोडतो. बाबांनी किराणावाल्याकडून लाइट आणला, टिश्यू चमकला!! गुलाबीच. वजन २४८. कानाला लावलं तर घरघर ऐकू येतेय, मांजर गुरगुरते तशी पण तुटक तुटक. मला आता जास्त भीती वाटायला लागली.

वाशी_सेक्टर_नऊ
एक विचारू का, पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो ना उंदरांनी? २००५ च्या पुरानंतर केवढी साथ आली होती. घरात लहान मुलं असतील तर कशाला धोका घ्यायचा.

कळवा_पूर्व
लेप्टो लागण झालेल्या प्राण्याच्या लघवीतून पाण्यात जातो आणि पायाला जखम असली की आत शिरतो. घरातच राहणारी, बाहेरच्या उंदरांना न भेटलेली रॅट वेगळी. हात धुवावेत, पिंजरा हातमोजे घालून साफ करावा, झालं. या धाग्यावर तुम्ही दुसऱ्यांदा भीती घालताय, त्या मुलीला आधीच टेन्शन आहे.

घोडबंदर_तीन_शेपट्या
घरघर म्हणजे आज उद्यात दाखवायचंच. तोंड उघडून श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा शेपूट पाय निळसर दिसत असतील तर रात्र काढू नका. सगळीकडे आधी फोन करा आणि "एक्झॉटिक बघता का, रॅट बघता का" हेच शब्द विचारा (एक्झॉटिक म्हणजे कुत्रा-मांजर सोडून बाकीचे पाळीव प्राणी), मग निघा. जवळ कोणी नाही मिळालं तर परळ, व्हेटर्नरी कॉलेज आणि बैलघोडा हॉस्पिटल दोन्ही तिथेच आहेत, तिथे पण आधी फोन. नेरूळहून कुर्ल्याला बदलून परळ. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत तिच्याच वासाचं फडकं आणि काकडीचा तुकडा, पाणी सांडत नाही आणि तहान भागते. वर छत्री धरा, भिजू देऊ नका.
अजून एक, जोडीदाराचं तुम्ही सांगितलंच नाहीत.

तिळूची_ताई
तिची बहीण होती पिठी. मे महिन्यात गेली. पोटाशी गाठ होती, आम्हाला वाटलं चरबी असेल, ती वाढत गेली आणि आम्ही वाट बघत बसलो. तेव्हापासून तिळू रात्री चाक फिरवत नाही, पिठीच्या झोळीत जाऊन झोपते. हे आजाराचं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

घोडबंदर_तीन_शेपट्या
आजाराचंच आहे हो. त्या एकट्या राहणाऱ्या नाहीत, ताण आला की छातीचं दुखणं वर येतं. आणि गाठीबद्दल स्वतःला लावून घेऊ नका, माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी खूप होतात आणि ती ग्रंथी मानेपासून मांडीपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे कुठेही येतात, ओळखणं अवघड. डॉक्टरांना पिठीचं सांगा. तिळूला पण चाचपून बघतील.

तिळूची_ताई
(दुसऱ्या दिवशी) आलो दाखवून. सहा फोन केले, सातव्या डॉक्टर हो म्हणाल्या, ठाण्यातच मिळाल्या. छाती तपासली, अंगभर चाचपली, गाठ नाहीये. संसर्ग आहे म्हणाल्या, दोन औषधं वजनावर काढून दिली, सुईशिवायच्या छोट्या सिरिंजने तोंडात द्यायची, दोन आठवडे पूर्ण, मध्ये बरी वाटली तरी थांबवायचं नाही. भुसा कालच फेकला, बाबांची बनियन घातली आहे. पण औषध कडू आहे, दोन्ही हातांनी सिरिंज ढकलते आणि मग माझ्याच बाहीला तोंड पुसते. काय करू?

जुनी_वाशी
दह्यात द्या, पटकन खातात. (दूध नाही म्हणताय तर दही.)

कळवा_पूर्व
दह्यात पण कॅल्शियमच असतं ना दादा.

घोडबंदर_तीन_शेपट्या
पिकलं केळं कुस्करून नखाएवढं घ्या, औषध त्यात मुरवा, बोटावर ठेवून द्या. आधी औषधाशिवाय एक घास द्या म्हणजे संशय येत नाही. डॉक्टरांना फोन करून चालेल का तेवढं विचारून घ्या. वजन रोज सकाळी.

तिळूची_ताई
विचारलं, चालेल म्हणाल्या. दिलं. पहिला घास हुंगून ठेवला, दुसरा औषधाचा सगळा खाल्ला आणि माझं बोट चाटत बसली. वजन २५१.