अनुभव सांगा: खान्देशातली मुले आणि 'ही गोज'मधला 'एस'

पारोळा, निवृत्त शिक्षिका (धाग्याची सुरुवात)
परवा शेजारच्या मुलीची वही चाळताना 'माय ब्रदर गो टू स्कूल' या वाक्याखाली लाल शाईची जाड रेघ दिसली आणि नोकरीतली सगळी वर्षे डोळ्यांपुढे आली. 'आय', 'यू', 'वुई', 'दे' यांच्यापुढे 'गो' जागचे हलत नाही आणि 'ही', 'शी', 'इट' आले की त्याला 'एस'चे शेपूट लागते, हा नियम मुलांना तोंडपाठ असतो. तरीही लिहिताना ते शेपूट गळते. हा आळस नव्हे, असे माझे ठाम मत आहे. घरी अहिराणी बोलणारे मूल 'मी जास, तू जास, तो जास, ती जास' असे म्हणतच मोठे होते, म्हणजे एकवचनात बोलणारा कोणीही असो, क्रियापद तेच राहते. शाळेत आल्यावर त्याला 'मी जातो, तू जातोस, ती जाते' ही प्रमाण मराठी शिकावी लागते, आणि राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाल्यामुळे तिसरी घडणही त्याच वयात समोर येते. आपापल्या घरचे आणि वर्गातले अनुभव कृपया लिहावेत.

चोपडा, जिल्हा परिषद शिक्षक
ताई, मी याच अहिराणीचा आधार घेतो. आपल्याकडे 'स' सगळ्यांना मिळतो, इंग्रजीत तो एकट्या 'ही-शी-इट'लाच मिळतो, एवढे सांगितले की मुले कान टवकारतात. खरी अडचण नकारात येते, कारण मुले 'ही डझ नॉट गोज' असे लिहितात. मी पुठ्ठ्याचा एक 'एस' कापून ठेवला आहे. फळ्यावर 'ही गोज' लिहून तो 'गो'च्या शेवटी धरायचा, मग वाक्य नकारार्थी करताना मुलाने स्वतः उठून तो 'डू'जवळ न्यायचा, म्हणजे 'डझ' तयार होते आणि 'गो' आपोआप मोकळे राहते. पुठ्ठा एकच असल्यामुळे दोन ठिकाणी 'एस' देता येत नाही, हे मुलांना हाताने कळते आणि प्रश्नार्थी वाक्यातही तीच युक्ती चालते.

यावल, पालक
आमच्या मुलाने निबंधात 'माय ग्रँडफादर आर अ फार्मर' असे लिहिले, त्यावर बाईंनी गुण कापले. आजोबांना 'आहे' कसे म्हणायचे, असे तो रडवेला होऊन विचारत होता, आणि मला त्याचे म्हणणे मनापासून पटले.

पारोळा, निवृत्त शिक्षिका
त्याला जवळ घेऊन सांगावे की आदर त्याने बरोबरच दाखवला, फक्त इंग्रजीत तो क्रियापदातून दाखवत नाहीत. 'यू'ची गोष्टही जरूर सांगावी. एके काळी इंग्रजीत एकट्या माणसाला 'दाऊ' म्हणत आणि 'यू' हे अनेकांसाठी होते. पुढे मानाने बोलताना एकालाही 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' प्रमाण बोलीतून मागे पडले. म्हणूनच समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' येते, 'यू इज' येत नाही. आपल्या 'तुम्ही आहात'सारखेच हे झाले.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त
मग 'ही कॅन्स' का होत नाही, हे माझ्या नातीने विचारले आणि मी निरुत्तर झालो. कोणी सांगेल का?

चोपडा, जिल्हा परिषद शिक्षक
काका, 'कॅन', 'मे', 'शाल' ही मुळात जुन्या भूतकाळी घडणीची रूपे आहेत, आणि भूतकाळात 'एस' लागतच नाही: 'आय वेंट', 'ही वेंट'. नातीला तोच धागा दाखवावा. अपवाद फक्त 'वॉज' आणि 'वेअर' यांचा, ते पाठच करावे लागतात.

धुळे, बँक कर्मचारी
क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात 'इंडिया आर' किंवा 'इंग्लंड हॅव वन द टॉस' ऐकले की घरातली मुले चूक पकडल्याच्या आनंदात ओरडतात. ती चूक नाही. संघ म्हणजे अकरा माणसे, असे मनात धरून बोलण्याची ब्रिटिश पद्धत आहे. अमेरिकेत संघाला बहुधा एकवचन देतात. परीक्षेत मात्र मुलांनी पाठ्यपुस्तकाची रीत धरावी.

शिरपूर, सध्या मुलीकडे इंग्लंडात नॉरिचला
इथल्या नॉरफोक भागात जुन्या वळणाचे लोक बोलताना 'शी गो', 'ही सिंग' असेच म्हणतात, म्हणजे पारोळ्याच्या त्या वहीतले वाक्य इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहे. हे ऐकून मला फार धीर आला. लेखी इंग्रजीत तिथल्या मुलांनाही 'एस' शिकावाच लागतो, पण त्यांच्या घरच्या बोलीला कोणी अडाणी म्हणू नये, एवढीच माझी कळकळ आहे, आणि अहिराणीबद्दलही माझे तेच म्हणणे आहे.

यावल, पालक
मुलाला 'यू'ची गोष्ट सांगितली, त्याला ती आवडली. चोपड्याच्या सरांना विनंती आहे की पुठ्ठ्याचा 'एस' केवढा कापायचा, ते सांगावे.

चोपडा, जिल्हा परिषद शिक्षक
वीतभर उंच पुरे, शेवटच्या बाकावरून दिसला पाहिजे. एक बाजू लाल रंगवावी. 'हॅव'चे 'हॅज' होताना मात्र पुठ्ठा नुसता जोडून भागत नाही, तिथे 'व्ही' आणि 'ई' खोडून दाखवावे लागतात. तो धडा वेगळ्या दिवशी घ्यावा.